ॲल्युमिनियमच्या पातेल्याला गंज का चढत नाही? ५० वर्षं न उलगडलेल्या एका पृष्ठभागाची गोष्ट

रात्री घासलेला लोखंडी तवा पुसायचा राहिला, तर सकाळी त्यावर तांबूस डाग दिसतात. शेजारी पालथं घातलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र जसंच्या तसं असतं. ते वर्षानुवर्षं ओलं राहतं, तारेच्या घासणीने घासलं जातं, आपटतं, त्याला पोचे येतात. पण त्याचे पोपडे निघालेत असं काही दिसत नाही.

यावरून कुणालाही वाटेल की ॲल्युमिनियमचं ऑक्सिजनशी फारसं जमत नसावं. खरं तर प्रकरण नेमकं उलट आहे. ऑक्सिजनशी संयोग करायला ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा कितीतरी जास्त उतावीळ असतं. इतकं, की ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचं ऑक्साइड एकत्र करून पेटवलं, तर ॲल्युमिनियम त्यातला ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि मागे वितळलेलं लोखंड उरतं. शाळेच्या पुस्तकात भेटलेली थर्मिट अभिक्रिया ती हीच. रेल्वेचे रूळ जोडायला ती आजही वापरतात.

मग पातेलं टिकतं कसं? कारण ते आधीच 'गंजलेलं' असतं. त्या गंजाचा थर इतका पातळ, पारदर्शक आणि घट्ट असतो की तो आपल्याला दिसतच नाही.

या थराचं नाव ॲल्युमिनियम ऑक्साइड. हवेशी संपर्क आला की ॲल्युमिनियमवर तो लगेच तयार होतो आणि काही नॅनोमीटर जाडीचा झाला की वाढायचा जवळजवळ थांबतो. तुलनेसाठी, माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. घासणीने चरा पडला तर उघड्या पडलेल्या धातूवर क्षणात नवा थर धरतो. लोखंडाचं दुर्दैव असं की त्याचा गंज मूळ धातूपेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. तो फुगतो, भेगाळतो, गळून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा हवा-पाण्यासमोर येतं.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेली असते. तिच्या पुढचा प्रश्न साधा वाटतो, पण त्याने शास्त्रज्ञांना ५० वर्षांहून जास्त काळ दमवलं. या ऑक्साइडच्या अगदी वरच्या, बाहेरच्या जगाला भिडणाऱ्या थरात अणू नेमके कसे बसलेले असतात?

ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या एका महत्त्वाच्या पृष्ठभागापुरतं याचं उत्तर सप्टेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. ते शोधलं व्हिएन्नाच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या आणि व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी. आणि ते उत्तर बऱ्याच जणांनी धरून ठेवलेल्या अंदाजाच्या विरुद्ध निघालं.

कापलं की काय होतं?

आधी स्फटिकाच्या आत काय चालतं ते पाहू. शुद्ध स्फटिकाच्या रूपातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडला मराठीत कुरुंद म्हणतात. धार लावायच्या दगडांत वापरतात तोच हा. त्यात किंचित क्रोमियम मिसळलं की त्याचं माणिक होतं, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की निळा नीलम. हिऱ्यापेक्षा कमी, पण तरी अतिशय कठीण आणि २,००० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारा हा पदार्थ आहे. ॲल्युमिनियम धातू स्वतः ६६० अंशांनाच वितळतो.

या स्फटिकाच्या पोटात प्रत्येक ॲल्युमिनियम अणूभोवती ६ ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजनभोवती ४ ॲल्युमिनियम. सगळ्यांचे हात धरलेले, सगळे निवांत. ॲल्युमिनियमवर धन भार, ऑक्सिजनवर ऋण, आणि हिशोब जुळलेला.

आता हा स्फटिक मधोमध कापला असं समजा. कापलेल्या बाजूच्या अणूंचे निम्मे जोडीदार गेले. दहीहंडीच्या थरात मधल्या गोविंदाला चहूबाजूंनी खांदे मिळतात, पण कडेच्याचा एक हात हवेतच राहतो, तशी ही अवस्था. हवेत राहिलेल्या प्रत्येक हातामागे ऊर्जा अडकून पडते. ज्या रचनेत ही ऊर्जा कमीत कमी, ती रचना स्थिर. पृष्ठभागाच्या स्थिरतेचा सगळा खेळ या एका वाक्यात आहे.

म्हणून पृष्ठभागावरचे अणू आतल्या अणूंची नक्कल करत बसत नाहीत. ते आपापली सोय बघतात. कधी वरचे अणू आत खचतात. कधी अख्खा थर मोडून नव्याने मांडला जातो, याला पुनर्रचना म्हणतात. कधी काही अणू घर सोडून निघून जातात. आणि हवेत किंवा पाण्यात असतील तर रिकाम्या हातांना पाण्याचे तुकडे धरून ठेवतात.

कुरुंदाचंच बघा. त्याचा एक विशिष्ट पृष्ठभाग कापला की वरच्या ॲल्युमिनियम अणूकडे ६ ऐवजी ३ च ऑक्सिजन उरतात. मग हा अणू खाली सरकतो. थोडाथोडका नाही, खालच्या ऑक्सिजनच्या थरापासूनचं त्याचं अंतर निम्म्याहूनही कमी होतं. तो ऑक्सिजनच्या थरात जवळजवळ रुतूनच बसतो. तिन्ही ऑक्सिजन आणि मधला ॲल्युमिनियम जवळपास एकाच पातळीत. रुतला खरा, पण ॲल्युमिनियमला अशी सपाट बैठक मानवत नाही. ही गैरसोय लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहे.

सेलवर सेल रचावेत तसं

काही ऑक्साइडांची अडचण याहून मोठी असते. कॅलामाइन लोशनमध्ये आणि बऱ्याच सनस्क्रीनमध्ये असणारं झिंक ऑक्साइड घ्या. त्याच्या स्फटिकात एका दिशेने बघितलं तर एक थर जस्ताचा, म्हणजे धन, एक थर ऑक्सिजनचा, म्हणजे ऋण, पुन्हा जस्ताचा, पुन्हा ऑक्सिजनचा, अशी चळत दिसते. बॅटरीत एकापुढे एक सेल टाकले की व्होल्टेज वाढत जातं. इथेही प्रत्येक जोडीगणिक विद्युतदाब वाढत जातो. स्फटिक जितका जाड, तितका ताण जास्त. कागदावरच्या हिशोबाने असा पृष्ठभाग टिकूच शकत नाही.

१९७९ मध्ये पी. डब्ल्यू. टास्कर यांनी आयनांपासून बनलेल्या स्फटिकांच्या पृष्ठभागांचे तीन प्रकार पाडले. हा न टिकणारा प्रकार त्यातला तिसरा. कोणता पृष्ठभाग सुखाने राहील आणि कोणत्याला काहीतरी तडजोड करावीच लागेल, हे त्यांच्या वर्गीकरणावरून आजही सांगतात.

पण झिंक ऑक्साइडचे असे पृष्ठभाग प्रत्यक्षात असतात, प्रयोगशाळेत हातात घेता येतात. मग ते टिकतात कसे? २००३ मध्ये ओल्गा डुलुब, उल्रिके डीबोल्ड आणि गेओर्ग क्रेसे यांनी जस्ताच्या बाजूचा पृष्ठभाग अणूंच्या पातळीवर पाहिला. तिथे त्रिकोणच त्रिकोण होते. त्रिकोणी खड्डे आणि त्रिकोणी बेटं. त्यांच्या कडांना ऑक्सिजन बसलेला असतो, त्यामुळे वरच्या थरात एकूण जस्त कमी भरतं. ताण सुटायला साधारण पाव हिस्सा जस्त कमी व्हावं लागतं, आणि हे त्रिकोण नेमकं ते काम करतात. एरवी सपाट, गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग जवळून पाहिला तर असा खाचखळग्यांचा निघतो.

३१ पट मोठी रांगोळी

आता पुन्हा कुरुंदाकडे. १९६० च्या दशकात संशोधकांनी हा स्फटिक निर्वात पोकळीत हजार अंशांच्या बऱ्याच वर तापवायला सुरुवात केली. पोकळी कशासाठी? कारण आपल्या नेहमीच्या हवेत कुठल्याही स्वच्छ पृष्ठभागावर हवेतले रेणू अब्जांश सेकंदांत येऊन आदळतात. अणू मोजायचे तर आधी ही गर्दी हटवावी लागते.

पृष्ठभाग पाहण्याचं तेव्हाचं मुख्य साधन म्हणजे इलेक्ट्रॉन विवर्तन. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर सोडायचे आणि परत उसळताना ते पडद्यावर कुठे ठिपके उमटवतात ते बघायचं. तापवलेल्या कुरुंदाचे ठिपके विचित्र होते. १९७० मध्ये टी. एम. फ्रेंच आणि गॅबोर सोमोर्जाय यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागावर एक नवी नक्षी तयार होत होती. तिचा एक चौकटीचा तुकडा मूळ तुकड्यापेक्षा क्षेत्रफळाने ३१ पट मोठा होता आणि मूळ रचनेच्या तुलनेत ९ अंशांनी फिरलेला. कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

३१ पट का? ९ अंशच का? नक्षीत कोणता अणू कुठे आहे?

विवर्तनातून हे थेट कळत नाही. रांगोळीचे ठिपके किती आणि किती अंतरावर, एवढंच त्यातून समजतं. ठिपक्यांमधून काय काढलंय, ते नाही. लहान नक्षी असेल तर अंदाज बांधता येतो. ३१ पट मोठ्या नक्षीत शक्यता इतक्या होतात की अंदाज बांधणं हे स्वतःच एक काम होऊन बसतं.

तरी एक अंदाज पुढे आला आणि तो तर्काला धरूनही होता. पोकळीत तापवलं की ऑक्साइडमधून ऑक्सिजन निघून जातो, हे इतरत्र दिसलेलं आहे. टायटॅनियम डायऑक्साइडचा पारदर्शक स्फटिक असा तापवला की ऑक्सिजन गमावून निळा पडतो. मग कुरुंदाचंही तसंच होत असणार. वरचा ऑक्सिजन उडाला आणि मागे ॲल्युमिनियमचा, जवळजवळ धातूसारखा, पातळ पापुद्रा राहिला. १९९४ मध्ये क्ष-किरणांच्या मोजमापांवर आधारलेलं एक मॉडेल याच धर्तीचं होतं. पृष्ठभागावर ॲल्युमिनियमचे दोन थर आहेत असं ते सांगत होतं. २००१ मध्ये 'नेचर'मध्ये याच पृष्ठभागाच्या, अणूंच्या मापाच्या प्रतिमा प्रसिद्ध झाल्या. पण त्यात दिसणारा एखादा ठिपका ॲल्युमिनियम आहे की ऑक्सिजन, हे ठामपणे सांगता येत नव्हतं. कोडं शिल्लक राहिलं.

सिलिकॉनचं सुटलं, याचं का नाही?

पृष्ठभागाच्या विज्ञानात असंच गाजलेलं आणखी एक कोडं होतं, सिलिकॉनचं. त्याची ४९ पट मोठी नक्षी १९५९ मध्ये दिसली होती. आयबीएमच्या झुरिकमधल्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ मध्ये स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप तयार केला आणि १९८३ मध्ये त्यातून सिलिकॉनचे अणू थेट दिसले. दोन वर्षांत रचनाही उलगडली. बिनिग आणि रोरर यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

या मायक्रोस्कोपची एक अट आहे. त्याचं टोक आणि पृष्ठभाग यांच्यात अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह वाहायला हवा. ॲल्युमिनियम ऑक्साइड विजेला जवळपास अजिबात दाद देत नाही. स्पार्क प्लगचा पांढरा भाग त्याच्याच सिरॅमिकचा बनवतात, कारण हजारो व्होल्ट असले तरी वीज त्यातून जात नाही. ज्या गुणासाठी हा पदार्थ इंजिनात बसवला, त्याच गुणामुळे त्याचे अणू बघता येईनात.

मार्ग निघाला तो दुसऱ्या उपकरणातून. अणुबल मायक्रोस्कोप, १९८६ चा शोध. यात प्रवाह लागत नाही, टोक आणि अणू यांच्यातलं ओढणं-ढकलणं मोजलं जातं. व्हिएन्नाच्या गटाने वापरलेल्या प्रकारात एक अतिशय टोकदार सुई क्वार्ट्झच्या इवल्याशा नादकाट्याला जोडलेली असते. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण वाजवतो तसलाच नादकाटा, फक्त फारच लहान. तो कंप पावत असतो. सुई पृष्ठभागाला न टेकता, अगदी जवळून फिरते. खालच्या अणूने ओढलं किंवा ढकललं की नादकाट्याची कंपनसंख्या किंचित बदलते. तो बदल टिपत टिपत चित्र तयार होतं.

पण चित्रातला अणू कोणाचा, हा जुना प्रश्न होताच. त्यासाठी संशोधकांनी सुईच्या टोकावर नेमका एक ऑक्सिजन अणू बसवला. टोकावरचा ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनपासून दूर ढकलला जातो आणि ॲल्युमिनियमकडे ओढला जातो. म्हणजे ढकललं तिथे ऑक्सिजन, ओढलं तिथे ॲल्युमिनियम. अणूंची जागा आणि ओळख, दोन्ही प्रयोगातूनच मिळाली. युक्ती ऐकायला सोपी आहे. एकच अणू टोकावर बसवून तो तिथे टिकवणं किती किचकट असेल, याची मात्र कल्पनाच केलेली बरी.

अणूंचा हिशोब चुकलाच नव्हता

वरून दिसणारी नक्षी मिळाली, पण ती खालच्या स्फटिकाला कशी जोडलेली आहे हे सुईला दिसत नाही. ते संगणकावरच्या गणिताने शोधावं लागलं. इतक्या मोठ्या नक्षीत चाचपायच्या रचना खूप, म्हणून नेहमीच्या क्वांटम गणिताच्या जोडीला मशीन लर्निंगही घेतलं गेलं. योहाना ह्यूटनर या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका, आणि उल्रिके डीबोल्ड आणि गेओर्ग क्रेसे ही झिंक ऑक्साइडच्या वेळची नावं इथेही आहेत.

निघालेलं उत्तर असं. पृष्ठभागावरून ऑक्सिजन कुठेही उडालेला नाही. धातूचा पापुद्रा नाही. पुनर्रचनेनंतरही प्रत्येक २ ॲल्युमिनियममागे ३ ऑक्सिजन, म्हणजे आतल्या स्फटिकात आहेत तेवढेच. बदलली ती फक्त मांडणी.

मघाची गैरसोय आठवते? तीन ऑक्सिजनच्या मधोमध सपाट रुतून बसलेला ॲल्युमिनियम. तापवल्यावर मिळालेल्या ऊर्जेने अणूंना हलायला वाव मिळतो, आणि हे ॲल्युमिनियम अशा जागा धरतात की त्यांना पृष्ठभागाखालच्या थरातल्या ऑक्सिजनशीही बंध जोडता येतो. हवेत राहिलेल्या हाताला खालून कुणीतरी धरलं. यातून वाचणारी ऊर्जा इतकी भरपूर आहे की त्यासाठी अख्खा वरचा थर ९ अंशांत फिरवून, ३१ पट मोठी चौकट मांडणंही परवडतं.

म्हणजे अणू गेलेच असणार, हे गृहीत धरून जी मॉडेलं रचली गेली, त्यांचा पायाच वेगळा होता. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. समोर असलेल्या पुराव्यावरून निघणारा तो वाजवी निष्कर्ष होता. फक्त तो पुरावा अणूंची ओळख सांगत नव्हता.

पातेल्यावर हीच नक्षी असते का?

नाही. आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अशा बातम्या शेअर होताना हाच भाग गळतो. व्हिएन्नात पाहिलेला पृष्ठभाग शुद्ध, एकसंध स्फटिकाचा आहे, पोकळीत तापवलेला. आपल्या पातेल्यावरच्या ऑक्साइडमध्ये अणूंची अशी शिस्तबद्ध रांग नसते. तो थर विस्कळीत असतो आणि हवेतल्या बाष्पामुळे त्याच्यावर हायड्रॉक्सिल, म्हणजे पाण्यातून आलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट चिकटलेले असतात. एकाच ऑक्साइडचा स्थिर पृष्ठभाग पोकळीत एक, ऑक्सिजनच्या दाबाखाली दुसरा आणि पाण्यात तिसरा असू शकतो.

मग इतका खटाटोप कशासाठी? कारण पृष्ठभागावर काय होईल, हे तिथे कोणता अणू कसा उघडा आहे यावर ठरतं. सगळ्यात साध्या, स्वच्छ पृष्ठभागाचाच नकाशा चुकीचा असेल, तर त्यावरून पुढे केलेली सगळी गणितं चुकीच्या घरात जातात. आणि या गणितांवर बरंच काही अवलंबून आहे.

तुमच्या गाडीच्या सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात मधाच्या पोळ्यासारखं सिरॅमिक असतं आणि त्यावर सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइडचा लेप. हा कुरुंदाचा चुलतभाऊ, थोड्या वेगळ्या रचनेचा. त्याच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांच्या भिंती धरून १०० चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग भरतो. हजार चौरस फुटांच्या वर. मुंबईत एवढा फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर काय होईल ते सांगायला नको. या पृष्ठभागावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे सूक्ष्म कण बसवलेले असतात आणि ते धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूंचा निकाल लावतात.

अडचण ही की गरम झाल्यावर हे कण घरंगळतात, एकमेकांना चिकटतात आणि मोठे होतात. काम फक्त कणाच्या पृष्ठभागावरचे अणू करतात. कण मोठा झाला की आत कोंडलेलं प्लॅटिनम नुसतं पडून राहतं. म्हणजे महाग धातू वाया, आणि धूर पुन्हा जास्त. धातूचा कण ऑक्साइडवर कुठे घट्ट बसेल आणि कुठून निसटेल, हे खालच्या अणूंच्या मांडणीवर ठरतं.

घोळ तिसऱ्या थरात होता

हाच मुद्दा पटवणारं आणखी एक उदाहरण लोखंडाच्या ऑक्साइडचं आहे. मॅग्नेटाइट, म्हणजे लोहचुंबक दगड. समुद्राच्या वाळूत चुंबक फिरवला की काळे कण चिकटतात, त्यात हा बहुतेक वेळा असतो. अमोनिया, आणि त्यातून खतं, बनवण्यासाठीचा उत्प्रेरक तयार करताना सुरुवात यापासूनच होते.

मॅग्नेटाइट विजेला वाट देतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग टनेलिंग मायक्रोस्कोपने बघता येत होता. वरच्या थरातल्या अणूंच्या रांगा हलक्या नागमोडी दिसत. बाकी सगळं जागेवर. म्हणून बरीच वर्षं असं मानलं गेलं की रचना आतल्यासारखीच आहे, फक्त जरा वाकलेली. २०१४ मध्ये गॅरेथ पार्किन्सन, डीबोल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घोळ खाली आहे. वरून तिसऱ्या थरात, नक्षीच्या प्रत्येक चौकटीमागे २ लोह अणू गायब असतात आणि दुसऱ्या थरात १ जास्तीचा येऊन बसलेला असतो. नागमोड हा त्याचा वर उमटलेला परिणाम.

कुरुंदाच्या नेमकं उलट. तिथे अणू गेले असं वाटत होतं आणि ते गेले नव्हते. इथे सगळे आहेत असं वाटत होतं आणि खालून एक गेलेला होता.

या लपलेल्या रचनेचा एक फायदाही आहे. तिच्यामुळे वर ठरावीक अंतरावर अशा जागा तयार होतात जिथे सोन्याचा एकेकटा अणू पक्का बसतो. साधारण ४०० अंशांपर्यंत तापवलं तरी तो शेजाऱ्याला जाऊन मिळत नाही. एरवी धातूचे सुटे अणू इतक्या उष्णतेत लगेच गोळा होतात. प्रत्येक अणू सुटा राहिला तर प्रत्येक अणू कामाला येतो. महागड्या धातूंची बचत करणाऱ्या 'एक-अणू उत्प्रेरकां'चं संशोधन याच आशेवर चाललंय, आणि त्यात अणू कुठे बसवायचा हे कळायला पृष्ठभागाचा खरा नकाशा लागतो.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाबतीत तर न दिसणारा अणूच कर्ता निघाला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असणारा हा पदार्थ. त्याच्या सर्वांत स्थिर पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या उंचवट्यासारख्या रांगा असतात आणि त्यात मधूनच एखादा ऑक्सिजन गळालेला असतो, दाताच्या फटीसारखा. पाण्याचा रेणू फिरत फिरत या फटीत आला की तुटतो आणि दोन हायड्रॉक्सिल गट मागे ठेवतो. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी याच पदार्थाच्या मदतीने प्रकाशाने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करून दाखवले होते. तेव्हापासून या पृष्ठभागाइतका अभ्यास फार थोड्या ऑक्साइड पृष्ठभागांचा झाला असेल.

आणि पुन्हा पातेल्याकडे

ॲल्युमिनियमचं अदृश्य कवच सगळं सोसत नाही. साधारण ४ ते ९ सामू असलेल्या पाण्यात ते टिकतं. त्याखाली आम्लात आणि त्यावर अल्कलीत ते विरघळू लागतं. चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस या मर्यादेच्या बराच खाली जातो, धुण्याचा सोडा वर. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात काढून ठेवू नयेत, असं घरातली जुनी माणसं सांगतात त्याला हा आधार आहे. सोड्याच्या पाण्यात पातेलं काळवंडतं तेही यामुळेच.

मिठाची तऱ्हा निराळी. मीठ सगळं कवच विरघळवत नाही, ते एखादी जागा गाठतं. मिठातला क्लोराइड आयन थरातल्या एखाद्या कमजोर ठिकाणी शिरकाव करतो आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडायला लागतो. खड्ड्याच्या आत पाणी आम्लधर्मी होत जातं, त्यामुळे तिथे नवं कवच धरत नाही आणि खड्डा खोल जात राहतो. आजूबाजूचा सगळा पत्रा मात्र चकचकीत. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात असलेल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर पांढरट पुटकुळ्या दिसतात त्या याच्याच. बोटी आणि विमानं तपासणाऱ्यांना गंजलेल्या मोठ्या पट्ट्यापेक्षा अशा एकट्या खड्ड्याची जास्त धास्ती असते, कारण तो सहज दिसत नाही.

क्लोराइड थरात नेमका कसा शिरतो? ऑक्सिजनची जागा घेऊन, गळालेल्या अणूच्या फटीतून, की थराला आधीच असलेल्या सूक्ष्म भेगांतून? यावर तज्ज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही.